पोपट शिकवलेलंच बोलतो

‘दोन दिवस आमच्या ताब्यात द्या, पोपटासारखा बोलेल.’

कुठे स्फोट झाला, हल्ला झाला की हे वाक्य येतंच. पहलगामनंतरही आलं. कळमनुरीच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर ते ऐकू येतं, टीव्हीवर एखादे निवृत्त अधिकारी ते जरा सभ्य शब्दांत सांगतात आणि आमच्या क्रिकेटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते उलटं टांगलेल्या माणसाच्या मीमसकट येतं. ते पाठवणारी पोरं वाईट नाहीत. माझ्याच वयाची आहेत, माझ्याबरोबर शाळेत होती. त्यांना राग आलेला असतो आणि तो राग खरा असतो.

त्या वाक्यातला एक शब्द मात्र त्यांनी नीट ऐकलेला नाही. पोपट. पोपट खरं बोलतो असं कोणी कधी म्हटलेलं नाही. पोपट शिकवलेलं बोलतो.

थर्ड डिग्रीबद्दलचा आपल्याकडचा वाद नेहमी एकाच रस्त्याने जातो. एक बाजू म्हणते, माणसाला असं वागवणं अमानुष आहे. दुसरी बाजू म्हणते, अमानुष असेल, पण त्याने काम होतं. आणि मग आपण माणुसकी मोठी की देशाची सुरक्षा मोठी यावर भांडत बसतो. मला या भांडणात शिरायच्या आधी ते दुसरं विधान तपासायचं आहे. काम होतं का? आपल्याच राज्यात याचा हिशेब मांडायला पुरेशी उदाहरणं आहेत.

11 जुलै 2006. संध्याकाळची गर्दीची वेळ, पश्चिम रेल्वेच्या लोकल, फर्स्ट क्लासचे डबे. अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट. 180 हून जास्त माणसं मेली, आठशेच्या वर जखमी झाली. एटीएसने तेरा जणांवर मोक्का लावून खटला भरला. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने त्यातल्या बारा जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावा नऊ वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटला. आणि 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाकीच्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक जण तोवर तुरुंगात असतानाच करोनाने वारला होता.

या खटल्यात साक्षीदार होते, जप्त्या होत्या. न्यायालयापुढे त्याही टिकल्या नाहीत. पण खटल्याचा कणा होता तो आरोपींचे कबुलीजबाब. वेगवेगळ्या आरोपींचे, वेगवेगळ्या पोलीस उपायुक्तांनी नोंदवलेले, आणि तरीही काही भाग जसेच्या तसे सारखे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना याचं नाव सांगायची गरज नाही. कॉपी-पेस्ट. जबाब घेताना छळ झाल्याची शक्यता रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून दिसते, असंही न्यायालयाने नोंदवलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देता येणार नाही असं त्या न्यायालयाने सांगितलं आहे, पण सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवलेलं नाही.

आता याच स्फोटांची दुसरी गोष्ट ऐका. 2008 मध्ये मुंबईच्या क्राइम ब्रँचने इंडियन मुजाहिदीनच्या लोकांना पकडलं. त्यातल्या एकाच्या कबुलीजबाबात आलं की 2006 चे लोकलमधले स्फोट आमच्या गटाने केले. पुढे कोर्टात तो त्या जबाबावरून फिरला. म्हणजे गुन्हा एक, राज्य एक, पोलीस दल एकच, आणि कबुल्या दोन वेगळ्या टोळ्यांच्या. दोन्ही खऱ्या असूच शकत नाहीत. निदान एक पोपट तरी खोटं बोलत होता. कोणता, हे त्या कबुल्यांवरून कधीच कळणार नाही, कारण दोन्ही सारख्याच ठाम आहेत.

मालेगावचंही तेच. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बारातचा दिवस, बडा कब्रस्तान. तीसहून जास्त माणसं मेली. एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं, मोक्काखाली कबुलीजबाबही मिळाले. पुढे तपास एनआयएकडे गेला, आणि एनआयएने 2013 मध्ये भलत्याच लोकांवर आरोपपत्र ठेवलं. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्या मूळच्या आरोपींना दोषमुक्त केलं. पाच वर्षं तर ते तुरुंगातच होते. जे त्यांनी केलंच नाही असं दुसरी सरकारी यंत्रणा म्हणते, त्याची तपशीलवार कबुली त्यांनी दिली होती. कशी दिली असेल?

कामात आम्ही टेस्ट लिहितो. एखादी टेस्ट चुकीच्या कोडलाही पास म्हणत असेल, तर ती टेस्ट कितीही वेळा हिरवी झाली तरी तिचा उपयोग शून्य. मार ही अशी टेस्ट आहे. दोषी माणूस मार थांबावा म्हणून ‘हो’ म्हणतो आणि निर्दोष माणूसही मार थांबावा म्हणून ‘हो’च म्हणतो. उत्तर बघून दोघांत फरक करता येत नाही. तपास म्हणजे फरक करणं. जे फरक करू शकत नाही, त्याला तपासाचं साधन कसं म्हणायचं?

इथे कोणीतरी टाइम बॉम्बचा प्रश्न काढतो. समजा, बॉम्ब ठेवलाय, तासाभरात फुटणार आहे, ठेवणारा हातात आहे. तेव्हा काय कराल? सिनेमासाठी प्रश्न झकास आहे. पण वरच्या उदाहरणांत घड्याळ कुठे टिकटिकत होतं? स्फोट होऊन गेले होते. लोकलच्या खटल्यातले कबुलीजबाब स्फोटानंतर अडीच-तीन महिन्यांनी नोंदवले गेले. हातात असलेला माणूस तोच आहे की नाही, हाच तर प्रश्न होता, आणि टाइम बॉम्बच्या गोष्टीत नेमकं तेच आधीपासून गृहीत धरलेलं असतं.

बरं, हे फक्त आपल्या पोलिसांचं झालं असं समजू नका. सगळी साधनं हाताशी असलेल्या अमेरिकेचं काय झालं? अल-लिबी नावाच्या कैद्याला इजिप्तच्या ताब्यात दिलं गेलं. तिथे छळाखाली त्याने सांगितलं की इराक अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण देतो. फेब्रुवारी 2003 मध्ये कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत जगापुढे केलेल्या भाषणात ही माहिती वापरली. पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झालं. नंतर त्या कैद्याने सांगितलं की मार चुकवण्यासाठी त्यांना हवं ते मी बोललो.

आता जरा आपल्या बाजूला येऊ. माझ्या जन्मदाखल्यावर जिल्हा परभणी आहे. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला झाला, त्याआधी कळमनुरी परभणीतच होती. म्हणून परभणीच्या ख्वाजा युनूसची गोष्ट मला मुंबईची वाटत नाही. वय 27, सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईत नोकरी. 2 डिसेंबर 2002 ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, दोघे मेले. 25 डिसेंबरला युनूसला पोटाखाली अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याच गुन्ह्यातल्या दुसऱ्या आरोपीने कोर्टात सांगितलं की 6 जानेवारीला कोठडीत त्याला इतकं मारलं की तो रक्त ओकत होता. सीआयडीच्या चौकशीने पळून गेल्याची गोष्ट खोटी ठरवली आणि चौदा पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारने खटल्याला परवानगी दिली ती चौघांवर. युनूसचा मृतदेह आजपर्यंत मिळालेला नाही. घाटकोपर खटल्यातले बाकीचे आरोपी 2005 मध्ये निर्दोष सुटले. म्हणजे युनूस जिवंत राहिला असता तर बहुधा तोही सुटला असता. उच्च न्यायालयाने त्याच्या आईला 20 लाखांची भरपाई द्यायला लावली. ती सरकारी तिजोरीतून गेली, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. खटला वीस वर्षांनंतरही संपलेला नव्हता.

त्या चौघांतलं एक नाव सचिन वाझे. 2004 मध्ये निलंबित, जून 2020 मध्ये पुन्हा सेवेत. मार्च 2021 मध्ये मुकेश अंबानींच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या भरलेली गाडी ठेवल्याच्या आरोपाखाली एनआयएने त्यांना अटक केली. खटले चालू आहेत, निकाल कोर्ट देईल. मला एवढंच विचारायचं आहे: कोठडीत मारून टाकल्याचा खटला डोक्यावर असलेल्या अधिकाऱ्याला सोळा वर्षांनी वर्दी परत देताना सरकारने ‘देशाची सुरक्षा’ कुठे ठेवली होती?

एवढं वाचल्यावर काही जण म्हणतील, याला फक्त एकाच धर्माच्या आरोपींचा पुळका आहे. तर घ्या. 29 सप्टेंबर 2008 चा मालेगाव स्फोट, सहा मृत्यू. आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर आणि कर्नल पुरोहित. दोघांनीही एटीएसने छळ केल्याचे आरोप केले. 31 जुलै 2025 ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. लोकलच्या निकालानंतर बरोबर दहा दिवसांनी. त्या दहा दिवसांत माझ्या फोनवर जे आलं ते बघण्यासारखं होतं. 21 तारखेला ‘छळाची नाटकं करतात’ म्हणणारे 31 तारखेला छळाच्या वर्णनांनी हळहळत होते. आणि 21 तारखेला कोठडीतल्या मारहाणीवर लांबलचक पोस्टी लिहिणारे काही जण 31 तारखेला गप्प बसले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पट्टा मात्र बाब्या आणि कार्टं असा भेद करत नाही. माझी भूमिका सोपी आहे: प्रज्ञासिंह यांना हात लावला असेल तर तोही गुन्हा, युनूसला मारलं तोही गुन्हा.

‘आम्ही फक्त दहशतवाद्यांबद्दल बोलतोय’ हेही फसवं आहे. ज्या हाताला एका खोलीत मारायची सवय लागते, तो शेजारच्या खोलीत खिशात जात नाही. डिसेंबर 2024 मध्ये त्याच परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन पेटलं, धरपकड झाली, आणि 15 डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांचा उल्लेख होता. गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. तो कुठल्या स्फोटाचा आरोपी होता?

मग पोलिसांनी करायचं काय? तेही आपल्याच राज्यात करून दाखवलेलं आहे. तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन कसाबला जिवंत पकडून दिलं. त्याच्याविरुद्ध सीएसएमटीवरचं सीसीटीव्ही होतं, फोटो होते, डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार होते, गोळ्यांचे अहवाल होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली. चार वर्षांत सगळं संपलं. लोकलच्या स्फोटांना एकोणीस वर्षं झाली आणि आपण पुन्हा शून्यावर आहोत. आता सांगा, ‘कडक’ कोण ठरलं?

म्हणून माझ्या मागण्या भावनिक नाहीत, अगदी कारकुनी आहेत. इंग्रजांनी 1872 च्या पुरावा कायद्यात लिहून ठेवलं की पोलिसासमोरची कबुली पुरावा नाही. परकं राज्य चालवणाऱ्यांनाही आपल्या पोलिसांची खात्री नव्हती. तो नियम नव्या कायद्यातही आहे. दहशतवादासाठीचा केंद्राचा यूएपीए कायदाही तो नियम मोडत नाही. महाराष्ट्राचा मोक्का मात्र, 1999 पासून, कलम 18 खाली पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून मानतो. ते कलम काढून टाका. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर 1997 मध्ये सही केली, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. 2010 मध्ये लोकसभेने छळविरोधी विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेत अडकून संपलं. 2017 मध्ये विधी आयोगाने पुन्हा मसुदा दिला. तो कायदा करा. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसकट, सीसीटीव्ही लावायला सांगितलं. ते चालू ठेवा आणि ‘त्या दिवशी बंद होतं’ हे उत्तर ऐकून घेणं थांबवा.

शेवटी तो प्रश्न, जो मला दरवेळी विचारला जातो: तुझ्या घरचं कोणी त्या डब्यात असतं तर? असतं, तर मला तोच माणूस हवा असता ज्याने तो बॉम्ब ठेवला. त्याच्या जागी मार खाऊन सही करणारा कोणीतरी मला चालला नसता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की संन्याशाचं घर बसतंच, पण चोर मोकळा फिरतो हे आपण विसरतो. त्या सात डब्यांत बॉम्ब ठेवणारे कोण होते, हे आज कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. ते जिवंत असतील तर त्यांच्या मागे कोणी लागलेलं नाही, कारण आपण 2006 मध्येच ‘उत्तर’ मिळवून तपास थांबवला होता.

पुढच्या वेळी ग्रुपवर ते पोपटाचं वाक्य आलं, तर एवढंच विचारा: पोपटाला शिकवलं कोणी?