लाडू खाणारा भीम, चंद्रप्रभाचा मुखवटा आणि आपली पोरं



प्रकाशा असो, शहादा असो की नंदुरबारची एखादी वस्ती, पाच-सहा वर्षांच्या पोराला विचारा, भीम कोण? घरात बाबासाहेबांचा फोटो असेल तरी पोर हमखास सांगतं, ढोलकपूरचा. २००८ पासून टीव्हीवर लाडू खाऊन सगळ्यांना लोळवणारा छोटा भीम. त्याच्या आधीच्या पिढीला १९९७ पासून शक्तिमान होता. तो कुंडलिनी जागवून गरगर फिरायचा. आपण घरी जयंतीची वर्गणी गोळा करत होतो आणि आपली पोरं समोरच्या पडद्यावर शिकत होती, की हिरो म्हणजे दैवी ताकदीचा निवडलेला माणूस, आणि त्याचं काम म्हणजे राक्षसाला ठार मारणं.

राक्षस म्हणजे कोण, हे आपल्याला जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त सांगून ठेवलं आहे. ज्या बळीराजाला पाताळात घातलं, ज्या हिरण्यकश्यपूला फाडलं, ते आपले पूर्वज. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी देवळं, घाट, माहात्म्याच्या कथा. त्याच गावच्या टेकाडात १९५४-५५ ला बी. के. थापर यांनी उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली. म्हणजे पोथ्या लिहिल्या जाण्याच्या कितीतरी आधी इथे माणसं मडकी भाजत होती, शेती करत होती. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. ज्या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, गावित बहुसंख्य आहेत, तिथल्या पोरांनी राक्षस मारणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायच्या, यापेक्षा मोठा सांस्कृतिक पराभव कोणता?

म्हणून काही तरुण मित्र म्हणतात, मग आपणही आपला मारणारा हिरो उभा करू. निळा झेंडा, हातात तलवार, पाठीमागे आग, खाली 'बाप' असं लिहिलेलं. मोबाईलवर असे व्हिडिओ धो-धो फिरतात. मला हे मान्य नाही. का ते सांगायला मी जरा लांब, जपानला जातो.

फेब्रुवारी १९५८. नागपूरच्या दीक्षेला दीड वर्ष झालेलं. जपानी टीव्हीवर 'गेक्को कामेन' नावाची मालिका सुरू झाली. गेक्को म्हणजे चांदणं, कामेन म्हणजे मुखवटा. पांढरा फेटा, काळा चष्मा, पांढरा झगा, कपाळावर चंद्रकोर, मोटारसायकल आणि दोन पिस्तुलं. जपानी टीव्हीवरचा हा पहिला सुपरहिरो मानला जातो. आणि दोन पिस्तुलं बाळगणाऱ्या या माणसाचं ब्रीद काय होतं? द्वेष नको, हत्या नको, क्षमा हवी, असा त्याचा आशय. लेखक कावाउची कोहान हा निचिरेन पंथाच्या मंदिरात वाढलेला. त्याने हिरोचं नाव घेतलं चंद्रप्रभ बोधिसत्त्वावरून. भैषज्यगुरु बुद्धाच्या शेजारी सूर्यप्रभ आणि चंद्रप्रभ असे दोन सहायक उभे असतात, त्यातला हा एक. म्हणजे मुख्य देव नाही, अवतार नाही, बाजूला उभा राहून मदत करणारा. म्हणूनच कावाउचीने हिरोला 'न्याय' म्हटलं नाही, 'न्यायाचा साथी' म्हटलं. माणूस स्वतः न्याय होऊ शकत नाही, न्यायाच्या बाजूने उभा राहू शकतो.

हे वाचून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' आठवला नाही तर नवल. बाबासाहेबांचा बुद्ध मोक्ष देणारा नाही, मार्ग दाखवणारा आहे. शक्तिमान आणि गेक्को कामेन यांच्यातला फरक अवतार आणि साथी यांच्यातला आहे.

पुढे २००१ मध्ये 'अल्ट्रामॅन कॉसमॉस' आली. १९६६ पासूनचे अल्ट्रामॅन बहुतेक वेळा राक्षसी प्राण्याला किरण मारून उडवत असत. कॉसमॉस आधी निळ्या रूपात येतो आणि त्या प्राण्याला शांत करतो. प्राण्याच्या अंगात शिरलेला विकार बाहेर काढतो, प्राणी वाचवतो. इलाजच उरला नाही तर लाल रूप घेऊन लढतो. लहान मुलांच्या मालिकेत एवढी समज! बाबासाहेबांनी अहिंसेबद्दल जो फरक मांडला तोच इथे आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. बुद्धाने अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितलं, नियम म्हणून नाही. नियम पाळायचा असतो, तत्त्व मात्र डोकं वापरून लावायचं असतं. सिंह सेनापतीने बुद्धाला हाच प्रश्न विचारला होता, की अहिंसा म्हणजे अन्यायापुढे शरण जायचं का? बुद्धाने तसं सांगितलं नव्हतं.

तरीही जपानी मालाचं आंधळं कौतुक नको. याच कावाउचीने १९७२ च्या 'रेनबोमॅन'मध्ये आपल्या हिरोला शक्ती मिळवायला भारतात पाठवलं आणि गुरूचं नाव ठेवलं देवदत्त! बुद्धाचा वैरी असलेल्या देवदत्ताचं नाव एका बौद्ध घरातल्या लेखकाने गुरूला का दिलं असेल, देव जाणे. (हा वाक्प्रचार जिभेवरून जात नाही, माफ करा.) आणि 'क्षमा' या तिसऱ्या शब्दावर तर माझा मोठाच आक्षेप आहे. युद्ध हरल्यावर तेरा वर्षांनी जपानने आपल्या मुलांना क्षमा शिकवली. पण चीन आणि कोरियात जपानी सैन्याने जे केलं, त्याची क्षमा करायचा अधिकार जपानला नव्हता, तो तिथल्या लोकांना होता. खैरलांजीत २००६ ला घरची चार माणसं गमावलेल्या भैयालाल भोतमांगेंना कोणी क्षमेचा उपदेश केला असता तर तो उपदेश नव्हे, दुसरा अत्याचार ठरला असता. अपराध्याने कबुली न देता, न्यायालयाने न्याय न देता पीडिताकडून मागितलेली क्षमा ही फक्त गप्प बसवण्याची रीत आहे. गांधींची अहिंसा आपल्याला इथेच खटकते. १९३२ ला येरवड्यात उपोषण त्यांनी केलं आणि हक्क सोडावे लागले आपल्याला.

मग शांततावादी हिरो हवा कशाला, असं विचाराल. तर तो आपल्याकडे आहेच, आणि त्याची ओळख आपण पोरांना नीट करून दिलेली नाही. पोरांना आपण काय सांगतो? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला. बाबासाहेबांनी ही गोष्ट नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता का? त्यांनी सांगितलेली गोष्ट पाण्याच्या भांडणाची आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद होतो. सेनापती संघाच्या सभेत युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ एकटा उभा राहतो आणि दुरुस्ती सुचवतो: दोन्हीकडचे दोन-दोन, त्यांनी निवडलेला पाचवा, असे पाच जण नेमून वाद मिटवा. दुरुस्ती पडते, युद्धाचा ठराव प्रचंड बहुमताने पास होतो. सिद्धार्थ सैन्यात जायला नकार देतो. मग धमकी येते घरच्यांवर सामाजिक बहिष्काराची आणि जमीन जप्तीची. तेव्हा तो म्हणतो, शिक्षा मला द्या, घरच्यांना नको, आणि परिव्रज्या स्वीकारतो.

सांगा, याच्यापेक्षा जबरदस्त पहिला एपिसोड कोणी लिहिला आहे? नदीच्या काठावर, तापीच्या बॅरेजकडे बघत मोठ्या होणाऱ्या पोराला पाण्याचं भांडण समजावून सांगावं लागत नाही. बहिष्कार म्हणजे काय, तेही आपल्या वस्तीला सांगावं लागत नाही. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

'पण हा हिरो लढत नाही', हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. अख्ख्या सभेविरुद्ध एकट्याने हात वर करणं ही लढाई नाही तर काय? २० मार्च १९२७ ला महाडला आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. सूड घ्यायला माणसं तयार होती, बाबासाहेबांनी आवरलं. नंतर ते कोर्टात लढत राहिले. आणि याच शहादा तालुक्यात सत्तरच्या दशकात अंबरसिंग सुरतवंती काय करत होते? भजनी मंडळांतून आलेला हा भिल्ल माणूस जमिनी आणि मजुरीसाठी आदिवासींना संघटित करत होता. धनदांडग्यांकडे बंदुका होत्या. दारूचे गुत्ते मात्र बायकांनी फोडले. त्यांच्यावर एकही कार्टून नाही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चं वाचन होतं. बहुतेक ठिकाणी समोर म्हातारी माणसं असतात, पोरं बाहेर मोबाईलवर. यंदा रोहिणीचं प्रकरण पोरांना वाचू द्या. एकाला सेनापती करा, एकीला सिद्धार्थ. ठराव मांडा, दुरुस्ती मांडा आणि खरोखर मतदान घ्या. ज्याला चित्र काढता येतं त्याने ते काढावं, ज्याला व्हिडिओ जोडता येतो त्याने तलवारीऐवजी तो वर केलेला एकटा हात दाखवावा. आणि मतदानात सिद्धार्थाच्या बाजूने किती हात वर आले, तो आकडा मला नक्की कळवा.