घड्याळ कोणाचे, जागरण कोणाचे?

कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, हिवाळ्यात साडेदहा. तिकडचा साहेब ताजातवाना होऊन ऑनलाइन बैठकीला बसतो. इकडे हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर राबलेला आमचा मुलगा, दोन खोल्यांच्या घरात आई-वडील, लेकरे झोपलेली असताना, कानाला हेडफोन लावून दबक्या आवाजात बोलतो. ही वेळ ठरवली कोणी? ज्याच्या हाती पैसा, त्याचेच घड्याळ!

हे दुखणे जुने आहे. १९०६ साली इंग्रज सरकारने ग्रीनविचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे गिरणीचा भोंगा तेवढा अगोदर वाजणार! गिरणी कामगारांनी त्याच जानेवारीत विरोध केला. कामगाराला घड्याळातले राजकारण कळत नाही, असे समजणाऱ्या पंडितांनी हे ध्यानात घ्यावे. पुढे बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. आज रात्रीची बैठक मात्र कामाच्या तासांत सहसा धरलीच जात नाही.

परदेशी काम नाकारा, असे आम्ही म्हणत नाही. त्या नोकरीवर आमच्या कित्येक घरांतली पहिली पिढी उभी आहे, आणि म्हणूनच ती तोंड उघडायला कचरते. पण हिवाळ्यात पुण्याच्या सकाळी आठला कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. मग एक आठवडा त्यांनी थांबावे, एक आठवडा आम्ही जागावे, यात अशक्य काय? लंडनचे लोक सामील झाले की तिघांना सोयीची वेळ उरतच नाही, हे खरे. तेव्हा निम्म्या गोष्टी लेखी कळवाव्यात. सगळ्यांना पडद्यासमोर बसवण्याचा हट्ट कशाला?

मार्चमधला गोंधळ तर वेगळाच. अमेरिकेची घड्याळे दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी, आपली कधीच नाही. दोन-तीन आठवडे कोणीतरी तासभर आधी नाहीतर उशिरा येऊन बसतो आणि बोलणी खातो. निमंत्रणावर भारतीय वेळ छापायला काय खर्च येतो? आणि रात्री बारापर्यंत बसवलेल्या माणसाची सकाळी नऊची हजेरी कंपन्यांनी आधी बंद करावी.