रफ वही

"वहिनी, त्या लोकांनी स्वतःच टाकून दिलेली गाणी तुम्ही उचलून ऐकता. खरकटंच की हे!"

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर आमचे धाकटे भाऊजी सगळ्यांदेखत असं बोलले आणि निवांत सुपारी कातरत बसले. सगळे हसले. मीही हसले. पण रात्री झोप लागेना, म्हणून आज लिहायला बसले आहे. तेव्हा भाऊजी, हे तुमच्यासाठी. (जे जे हसले त्यांच्यासाठीही.)

विषय आहे 'द पोग्ज' हा बँड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८२ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात ही मंडळी जमली. बँजो, अकॉर्डियन, टिन व्हिसल ही आयरिश लोकसंगीतातली वाद्यं आणि जोडीला पंकचा दंगा. त्यातला स्पायडर स्टेसी तर बिअरचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल धरायचा! बँडचं मूळ नाव 'पोग महोन'. आयरिश भाषेतलं ते एक शिवराळ वचन आहे; अर्थ सांगत नाही, नातवंडं वाचतात. स्कॉटलंडात गेलिक जाणणाऱ्यांनी तक्रार केली आणि १९८४ मध्ये नाव छोटं करावं लागलं. मुख्य गायक आणि गीतकार शेन मॅकगावन. ३० नोव्हेंबर २०२३ ला तो गेला.

२००८ साली या बँडच्या दुर्मिळ आणि अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा पाच सीडींचा संच निघाला. लेक तेव्हा लंडनला होती, तिने आणला. शंभराहून जास्त तुकडे आहेत त्यात. कच्चे खर्डे, रेडिओसाठी गायलेली गाणी, कार्यक्रमांतली मुद्रणं. आणि हे सगळं निवडून लावलं कुणी? बँडचाच गिटारवादक फिलिप शेवरॉन याने. (तोही २०१३ साली गेला.) म्हणजे कुणा व्यापाऱ्याने उकिरडा उपसलेला नाही. घरच्याच माणसाने जपून ठेवलेलं बाहेर काढलं आहे. भाऊजी, 'टाकून दिलेलं' हा तुमचा शब्द इथेच गळाला.

आता त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं घ्या, 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क'. १९८७ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होतं, आणि अजून दर डिसेंबरात वाजतं. ऐकणाऱ्याला वाटतं, एका बैठकीत उतरलं असेल. छे! सुरुवात १९८५ ची. बँजोवाल्या जेम फायनरने आधी एका खलाशावर गाणं रचलं होतं. त्याच्या बायकोने ते नापसंत केलं आणि भांडणाऱ्या जोडप्याची कल्पना सुचवली. (बायकांचं ऐकावं ते असं.) एका खर्ड्यात तर न्यूयॉर्क नाहीच, गाणं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात सुरू होतं. बाईचा आवाज तेव्हा बँडमधल्याच कॉट ओ'रियर्डनचा होता. १९८६ मध्ये ती बँड सोडून गेली आणि गाणं तसंच पडून राहिलं. पुढच्या वर्षी निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइटने सुरुवातीचा संथ भाग आणि पुढचा नाचरा भाग वेगवेगळे मुद्रित करून जोडले. मग टेप घरी नेऊन आपल्या बायकोकडून, कर्स्टी मॅकॉलकडून, बाईच्या ओळी गाऊन घेतल्या. कशासाठी? केवळ नमुना म्हणून! असं गाता येईल एवढं दाखवायला. तो नमुनाच सगळ्यांना इतका आवडला की तोच ठेवला, आणि शेनने आपला भाग त्या आवाजाला जुळवून पुन्हा गायला.

आता सांगा भाऊजी, यातलं ताट कुठलं आणि खरकटं कुठलं?

तीस वर्षांवर मराठी शिकवलं मी. पक्क्या वहीतल्या निबंधावरून मूल कळत नाही. तो गाइडातला असतो, आईने सांगितलेला असतो, नाहीतर शेजारच्या बाकावरून आलेला. रफ वही उघडली की मूल दिसतं. कुठला शब्द तीनदा खोडला, कुठे अडकून समासात चित्र काढत बसलं, सगळं तिथे असतं. मी मुलांना रफ वह्या फाडू देत नसे. मुख्याध्यापक वैतागायचे, असो.

पण माझा खरा राग 'खरकटं' या शब्दावर नाही. तुम्ही पुढे जे बोललात त्यावर आहे. "दारुड्याला नशेत सुचलेलं, त्यात अभ्यास काय करायचा?" भाऊजी, शेन प्यायचा. भयंकर प्यायचा. १९९१ मध्ये जपानच्या दौऱ्यात त्याच्याच सोबत्यांनी त्याला काढून टाकलं. त्याची तरफदारी मी करणार नाही. घरात बाटली शिरली की काय होतं ते आपल्या घराण्यात मी सांगायला नको. पण नशेत गाणी पडतात हे साफ खोटं आहे, आणि ते ज्याला बाटली आवडते त्याच्याच सोयीचं आहे. कितीतरी पोरं या भाकडकथेपायी वाया जातात. त्या पाच सीडी म्हणजे या खोटेपणाविरुद्धचा पुरावा. दोन वर्षं एका गाण्याशी झटणारा माणूस तिथे ऐकू येतो. अडतो, बदलतो, पुन्हा सुरुवात करतो. नुसतं पक्कं गाणं ऐकणाऱ्याला बाटली दिसते, मेहनत दिसत नाही.

सगळं सोनंच आहे असं मात्र नाही. काही तुकडे मी एकदाच ऐकले, पुन्हा ऐकायची हौस नाही. आणि एखाद्या कलावंताने 'हे कुणाला ऐकवू नका' म्हणून बजावलेलं चोरून बाहेर काढणाऱ्यांशीही माझं जमायचं नाही. ते वेगळं, हे वेगळं.

आणि भाऊजी, तुमच्या कपाटातल्या त्या कॅसेटींचं काय? कुमारांच्या, मन्सूरांच्या खासगी बैठकी, कुणीतरी पुढ्यात टेपरेकॉर्डर ठेवून उतरवलेल्या. मध्येच खोकला, कपबशांचा आवाज, शेवटची भैरवी टेप संपल्याने अर्धी तुटलेली. कुठल्याही कंपनीने त्या काढलेल्या नाहीत. त्यांना हात लावायला सुनेलाही बंदी आहे तुमच्याकडे! त्यांना आजवर कुणी खरकटं म्हटलं का?

येत्या रविवारी या. क्लेअरवाला कच्चा खर्डा आधी लावीन, मग पक्कं गाणं. तेवढा वेळ सुपारी मात्र कातरायची नाही. ताल चुकतो.