थंड पाण्यासाठी नवी वही

इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक शिक्षण घेतले. पुढे अंदमानच्या उबदार समुद्रात उतरत उतरत त्याच्या नोंदवहीत ४० डाइव्ह जमा झाले. आइसलँडच्या सहलीचे ठरले, तेव्हा त्याने तेथील ‘सिल्फ्रा’ या भेगेत उतरण्याचा बेत केला. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट जेथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत, तेथे थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यानात ही भेग आहे. हिमनदीचे पाणी लाव्हाच्या खडकांतून वर्षानुवर्षे झिरपत तेथे येते. ते इतके निर्मळ असते की दृष्टी १०० मीटरपर्यंत पोहोचते. तापमान मात्र बारमाही २ ते ४ अंश सेल्सिअस.

अर्जात ड्रायसूटचे प्रमाणपत्र किंवा ड्रायसूटमधील किमान १० डाइव्हची नोंद मागितली होती. मुलाजवळ दोन्ही नव्हते. ‘‘बाबा, दहा नोंदी मीच लिहून टाकतो. कोण तपासणार आहे? शेवटी चाळीस डाइव्ह तर खरेच झालेत ना?’’ असे तो म्हणाला. वडिलांनी विचारले, ‘‘अरे, झालेत, पण कोणत्या पाण्यात?’’

प्रश्न साधा असला, तरी नेमका होता. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. २८ अंशांच्या समुद्रात ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट पुरतो. ३ अंशांच्या पाण्यात पाण्याला आतच न येऊ देणारा ड्रायसूट लागतो. तो स्वतः फारशी ऊब देत नाही. आतल्या जाड कपड्यांत अडकलेली स्थिर हवा ऊब राखते. कापडाच्या व्यापाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागले नाही.

परंतु जी हवा ऊब राखते, तीच धोकाही निर्माण करते. खाली जाताना ती दाबाने आकुंचन पावते, म्हणून सूटमध्ये नवी हवा सोडावी लागते. वर येताना ती प्रसरण पावते, म्हणून वेळीच बाहेर काढावी लागते. पाय वर आणि डोके खाली झाले, तर हवा पायांकडे धावते, दंडावरील झडपेतून ती निघत नाही आणि पाणबुड्या नियंत्रण गमावून वेगाने वर फेकला जातो. अशा वेळी फुप्फुसांना इजा होऊ शकते, रक्तात वायूचे बुडबुडे होऊ शकतात. या हवेमुळे शिशाची वजनेही अधिक घ्यावी लागतात आणि शरीराचा तोल पुन्हा शिकावा लागतो.

श्वासाच्या साधनाचेही तसेच आहे. सिलिंडरमधील सुमारे २०० बार दाबाची हवा रेग्युलेटरमध्ये एकदम प्रसरण पावून अतिशय थंड होते. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात तेथे बर्फ धरू शकतो. मग झडप उघडीच राहते आणि सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. म्हणून थंड पाण्यासाठी खास बनवलेला रेग्युलेटर लागतो आणि कडाक्याच्या थंडीत पाण्यात उतरण्यापूर्वी त्यातून श्वास घेऊन पाहणे टाळतात. त्यातच बोटे बधिर होतात, जाड हातमोज्यांत लहान कडी हाती लागत नाही, श्वास वाढतो आणि हवा लवकर संपते. साहजिकच परतीसाठीची शिल्लक अधिक ठेवावी लागते.

अर्जातील त्या दहा नोंदींचा अर्थ एवढा होता. कोऱ्या जागी त्या लिहिणे अवघड नव्हते आणि कदाचित कागद पाहणारा फसलाही असता. पण झडप उघडी राहिली असती, तेव्हा त्या दहा ओळींपैकी एकही कामाला आली नसती. शिवाय त्या नोंदींवर विश्वासून सोबत उतरणाऱ्या जोडीदाराचा जीवही त्याच वहीवर विसंबलेला असता.

मुलाने अर्ज मागे घेतला. सहलीत त्याने सिल्फ्रा पाहिली, ती पृष्ठभागावर तरंगत. त्यासाठीही सहसा ड्रायसूट घालतात. डायव्हिंगचे प्रमाणपत्र लागत नाही. खालची निळाई वरूनही स्वच्छ दिसत होती. अर्ध्या तासाने तो बाहेर आला, तेव्हा बधिर बोटांना हातमोजे काढता येईनात. ते वडिलांनी काढले.

घरी परतल्यावर त्याने नवी वही घेतली. पहिल्या पानावर ‘ड्रायसूट’ असे लिहिले आणि खाली अनुक्रमांक १ घालून पुढची जागा प्रशिक्षणासाठी मोकळी ठेवली.