'अब्दुल' हे नाव नाही

माझं नाव अब्दुल रहीम. शाळेत घालताना गुरुजींसमोर तीन रकाने होते : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यांनी अब्दुल माझ्या रकान्यात टाकला आणि रहीम वडिलांच्या. माझे खरे वडील दाखल्यातून गायब झाले. पुढे पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्र करून, राजपत्रात छापून त्यांना परत आणावं लागलं.

अरबीत 'अब्द' म्हणजे दास, 'अल' हे उपपद आणि रहीम हे अल्लाहचं नाव. म्हणजे नुसतं 'अब्दुल' हे अर्धं वाक्य झालं : अमुकचा दास. कोणाचा, ते पुढच्या शब्दात. रामदासाचं कोणी 'रा. दा.' करत नाही. आमचं मात्र सर्रास 'अ. र.' होतं. बॅरिस्टर अंतुले 1980 साली मुख्यमंत्री झाले, तेही 'ए. आर.' म्हणूनच. अब्दुल रहमान हे त्यांचं एकच नाव, पण मराठी वाचक दुसरं अक्षर वडिलांचं समजतो, त्यामुळे त्यांच्या वडिलांचं नाव रहमान होतं असा समज होणार. उलट संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण पाहा. यूसुफखान महंमदखान : 'यू.' स्वतःचा, 'म.' वडिलांचा. मराठी रीत तंतोतंत.

मराठवाड्यात, विदर्भात घोळ आणखी वेगळा. तिथे 'शेख रशीद शेख हमीद' असं लिहितात. रशीद हा मुलगा, हमीद हे वडील. यादी करणारा पहिला शब्द नाव समजतो आणि निम्मं गाव 'श' खाली जमा होतं. 'मोहम्मद'चं 'मु.' केलं तर पत्त्यातलं 'मुक्काम' वाटतं, तो भाग निराळाच.

हे सगळं कारकुनांच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. आपणच एका कागदावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद, तिसऱ्यावर 'मो.' लिहितो आणि मग तपासणीच्या वेळी रांगेत उभे राहून नशिबाला दोष देतो. आधी घरात एकमत करा. आणि जोडनाव जोडूनच लिहा. आद्याक्षर करायचंच असेल तर त्या अख्ख्या नावाचं एकच. समाजमाध्यमांवर 'अब्दुल' ही शिवी झाली आहे. ती देणाऱ्यांना व्याकरण शिकवण्यात अर्थ नाही, पण आपल्या सह्या तरी आपण तोडू नयेत.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचंही नाव येतं : आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. रकाने वाढले, म्हणजे तोडायला जागाही वाढली. नातवाचा अर्ज मी स्वतः भरला. पहिल्या रकान्यात जागा न सोडता लिहिलं : अब्दुस्समद.

"एवढं लांब एकाच शब्दात?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "ताई, चंद्रशेखर कसं लिहिता?"

त्यांनी मान हलवली आणि शिक्का मारला.