तिकिटाविना रंगभूमी

नाटक महाग झाले म्हणून प्रेक्षक दुरावला, अशी तक्रार आपल्याकडे वारंवार ऐकू येते. या दुखण्याचे मूळ नाटकाच्या खर्चातच शोधणारे रंगकर्मी म्हणून बादल सरकार (१९२५-२०११) यांचे स्मरण करावयास हवे. व्यवसायाने नगररचनाकार असलेल्या या बंगाली नाटककाराला ‘एवं इंद्रजित’ने अखिल भारतीय कीर्ती दिली. ती हाताशी असताना, १९६७ साली स्थापिलेल्या ‘शताब्दी’ संस्थेसह त्यांनी पुढील दशकात कमानी रंगमंचाचाच त्याग केला. नेपथ्य नको, नाट्यगृहाचे भाडे नको. एखादी खोली, मैदान वा खेड्यातील अंगण पुरे. ‘भोमा’, ‘मिछिल’ ही नाटके नटांच्या देहातून आणि आवाजातूनच उभी राहिली. ‘मिछिल’ मराठीत अमोल पालेकरांनी ‘जुलूस’ या नावाने आणले. तिकिटाऐवजी प्रेक्षक ऐच्छिक वर्गणी देई.

ही केवळ काटकसर नव्हती. तिकीट विकले की प्रेक्षक गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाइकाला दुखविणे व्यापाऱ्यास परवडत नाही.

तथापि अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारील, मग खर्च गेला कोठे? तो नटांनी सोसला. पोटासाठी अन्यत्र काम करून तालमीला येणाऱ्यांच्या विनामोबदला श्रमांवर ही रंगभूमी उभी होती. असा त्याग सर्वांकडून, सर्वकाळ अपेक्षिणे न्याय्य नव्हे. परंतु त्याचा भार हलका करता येईल. सायंकाळी कुलूपबंद राहणारे शाळा-महाविद्यालयांचे वर्ग हौशी मंडळींना तालमींसाठी विनाभाडे द्यावेत. त्या किल्ल्या तरी आपल्याच हाती आहेत.