बंदुकीला बंदी, कुदळीला मोकळीक

गेल्या भाऊबिजेला आमच्या घरी फराळाच्या ताटांवरच मोठे रणकंदन झाले. निमित्त झाले अमेरिकेहून आलेल्या माझ्या मामेभावाचे. तो तिकडे मिनेसोटा राज्यात राहतो आणि पानगळीच्या दिवसांत फेझंट नावाच्या, कोंबड्याच्या कुळातल्या पाखराची शिकार करतो. चोरूनमारून नव्हे, रीतसर परवाना काढून! आणि तीही कुणा जमीनदाराच्या कुरणात नव्हे. सरकारी माळावर, जिथे धनवंताइतकाच गरिबाचाही हक्क. तिथले शिकारी सरकारच्या मागे लागलेले असतात, की आम्हाला आणखी माळ खुले करा आणि त्यांवर पाखरे वाढतील असे काही करा.

चकलीचा तुकडा मोडीत तो म्हणाला, "दादा, तुम्ही शिकार बंद केलीत आणि पाखरंही संपली. आमच्याकडं शिकार चालू आहे आणि पाखरंही आहेत. आता बोला!"

"शिव शिव! सणासुदीला कसलं रे हे बोलणं?" आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले. "मुक्या जिवांना मारायचं आणि वर मिरवायचं!"

कॉलेजात जाणारा पुतण्या आत्याबाईंच्या मदतीला धावला. "काका, शिकार बंद झाली म्हणून तर उरलंय ते उरलंय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. घरात मास्तर असला म्हणजे निकाल त्याने द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. पण मी शंकरपाळे तोंडात टाकले आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याला कारण होते. ते आज सांगतो आणि राहिलेला निकालही देऊन टाकतो. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकले होते.

माझे आजोबा शिकारी होते. दिवाळी झाली, गवत पिवळे पडले, की ते भल्या पहाटे गायरानात जात. परवान्या-बिरवान्याची मला त्या वयात काय कल्पना! दोन तितर मिळाले की स्वारी परत. तिसरा पायांतून उडाला तरी बंदूक वर होत नसे. होळीनंतर तर ते बंदुकीला हातही लावीत नसत. 'आता त्यांचे संसाराचे दिवस', असे म्हणत. आजीच्या चुलीवर ते मांस चालत नसे. परसात तीन दगड मांडून पुरुषमंडळी शिजवीत.

पुढे 1991 साली 1972 च्या वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवान्याने चालणारी उरलीसुरली शिकारही बंद झाली. आजोबांनी बंदूक ठेवली ती कायमची. हिशेबाने पाहता त्या दिवसापासून आमच्या गायरानात तितर वाढायला हवे होते. झाले उलटेच. बंदूक थांबली आणि तितरही ओरडायचे थांबले.

कसे, ते ऐका. गायरानाच्या कडा नांगराखाली गेल्या. बांधांवरची बोरी-बाभळीची झुडपे यंत्राने एका दिवसात साफ झाली. उरलेल्या गवतात बारा महिने गुरे आणि मोकाट कुत्री. आणि एवढ्यातून जे वाचले त्यावर कुदळ घेऊन गेलो मी!

होय, मीच. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी वरून हुकूम आला : गावची पडीक जमीन हिरवी करा. सातवीची मुले घेऊन मी गायरानात गेलो. रांगेने खड्डे खणणे चालू झाले. एवढ्यात एक पोरगी धावत आली. ओंजळीत गवताची काडी-काडी आणि तीत सहा ठिपकेदार अंडी. आजोबांच्या संगतीत वाढलेला मी. पाहताच ओळखले, बटेराची. आषाढाच्या ओल्या गवतात, जमिनीवरच्या खळग्यात घालतात ती.

"गुरुजी, ही कुठं ठेवू?" तिने विचारले.

साहेब फोटोसाठी उभे होते. मी म्हणालो, "ठेव कुठंतरी बाजूला."

कुठे बाजूला? सगळीकडे तर खड्डे होते! त्या रोपांपैकी पुढच्या चैत्रात हिरवी राहिली ती बोटांवर मोजण्याइतकी. खड्डे मात्र राहिले. आणि गंमत पाहा : त्या सकाळी आजोबांनी तिथे एक तितर मारला असता तर त्यांच्यावर खटला झाला असता. मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते शाळेच्या भिंतीवर अजून आहे.

आता मामेभावाकडे वळू. बंदूक निरपराध आहे, हे त्याचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. त्याच्याच अमेरिकेत प्रवासी कबुतरांचे थवे एके काळी आभाळ झाकून टाकीत. त्यांतले शेवटचे कबूतर 1914 साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. बंदुकीनेच त्यांचा निर्वंश झाला, आणि त्यांची राने तोडणाऱ्या कुऱ्हाडीने. पण त्या लोकांनी पुढे केले काय, तेही पाहिले पाहिजे. 1934 पासून बदके मारणाऱ्याला दरसाल एक तिकीट विकत घ्यावे लागते. तेव्हा त्याची किंमत एक डॉलर होती, पुढे ती 25 डॉलरपर्यंत गेली. तो पैसा पाणथळ जागा आणि भोवतालचे गवत राखण्यात जातो. 1937 साली बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी बांधून दिला गेला. 1985 पासून शेतकऱ्याला जमीन काही वर्षे गवताखाली ठेवण्याबद्दल सरकार मोबदला देते. म्हणजे तुझा फेझंट, बाबा, बंदुकीने टिकलेला नाही. तो गवताने टिकला. बंदुकवाल्याने त्या गवताचे भाडे भरले, एवढेच त्याचे श्रेय. आम्ही बंदुकवाल्याला घालवले, ठीक केले. पण भाडे भरणार कोण, हे विचारायचे राहूनच गेले.

आणि पुतण्या, तुझ्यासाठी माळढोकाचे उदाहरण. त्याच्या शिकारीला कायद्याने केव्हाच बंदी. 1979 साली सोलापूरकडे नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झाले. कागदावर 8,496 चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, पिकती शेते आली. म्हणून 2012 साली ते सुमारे 1,222 वर आणले गेले. कागदावरची रेघ मोठी केली काय आणि लहान केली काय, पाखराला ती दिसत नाही. त्याला गवत दिसते. आज महाराष्ट्रात माळढोक नजरेस पडला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

आत्याबाई, तुमची दया खरी आहे. पण ती बंदुकीचा आवाज झाला की जागी होते. कुदळीला आवाज नसतो. पक्ष्यांचे सारे आयुष्य अभ्यासणारे सलीम अली यांची वाटसुद्धा लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाली होती. मारणारा तेवढा वैरी आणि खड्डा खणणारा तेवढा पुण्यवान, असा सोपा हिशेब या माळावर लागत नाही.

आणखी एक माणूस आपण विसरलो. फासेपारधी. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सोय केली; तो कलंक कागदावरून पुसला गेला 1952 साली. मग आपण वन्यजीव कायदा करून त्याच्या हातातला फासा काढून घेतला. फासा काढला ते योग्यच. पण हातात दुसरे काय दिले? कोणत्या झुडपाखाली कोणते पाखरू बसते, हे त्याच्याइतके कुणाला कळते?

म्हणून माझा निकाल असा. शिकार खुली करू नका. मारायला पाखरे आहेतच कुठे? पण नुसत्या बंदीवर समाधान मानून झोपूही नका. गायरानाला 'पडीक' म्हणणे आधी सोडा. गवत हे त्या जमिनीचे पीकच आहे. चांगल्या गवतात झाडांसाठी खड्डे खणू नका. झाडे लावायला रस्ते आहेत, शाळांची आवारे आहेत. गायरानाचे तुकडे पाडून दरसाल एक तुकडा आषाढापासून दिवाळीपर्यंत गुरांना बंद ठेवा. पाखरांची वीण साधेल आणि दिवाळीनंतर कापणीला गवतही अधिक मिळेल. त्यावर राखणदार म्हणून पारध्याला नेमा, आणि पगार देऊन नेमा.

मॅट्रिकच्या पुढे ज्याचे पाऊल पडले नाही अशा मास्तराने हे सांगावे, याचे कुणाला हसू येईल. येवो. गेल्या वर्षी मी ग्रामसभेत उभा राहिलो, त्या सहा अंड्यांची गोष्ट सांगितली आणि पाच एकर गवत राखायचे ठरवून घेतले. बरेच हसले; पण ठराव झाला. यंदाच्या आषाढात तिथे कुदळ पडली नाही.

वाचकहो, या दिवाळीत अभ्यंगस्नान उरकले की मुलांना घेऊन आपल्या गावच्या गायरानात जा. फटाक्यांपासून दूर, घटकाभर उभे राहा. तितर ओरडला तर मुलांना तो ऐकवा. नाही ओरडला, तर पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, का ओरडला नाही?